मोठ्या विद्यापीठात राहायचे कुठे आणि माणसे जोडायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात दोघांत मिळून एक खोली मिळू शकते. साधारण तेवढ्याच खर्चात आवारापासून पाऊण तासाच्या अंतरावर एकट्यासाठी छोटा फ्लॅटही मिळतो आहे. प्रश्नकर्त्याचा स्वभाव अबोल, झोप सावध, आणि एवढ्या गर्दीत आपल्याला कोणी ओळखणारच नाही ही धास्ती. त्यातच दुसऱ्या वर्षाच्या घरासाठीचे गट पहिल्या सहामाहीतच ठरून जातात, असे कानावर आल्याने घाई होते आहे. विद्यार्थी-निवासाच्या व्यवस्थापनात बरीच वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न दर प्रवेशाच्या हंगामात निरनिराळ्या शब्दांत माझ्यापुढे येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझे उत्तर आधी सांगून टाकते. पहिले वर्ष वसतिगृहातच काढावे, आणि ते स्वभाव अबोल असल्यामुळे तर नक्कीच काढावे. बोलका माणूस कुठेही राहिला तरी माणसे शोधून काढतो. ज्याला आपण होऊन कोणाकडे जाणे जड जाते, त्याने अशा जागी राहावे, जिथे काहीही न ठरवता तीच ती माणसे रोज समोर येतात. घर निवडताना विद्यार्थी आणि त्यांचे पालक खोली किती मोठी आहे, पलंग कसा आहे, खिडकीतून काय दिसते हे बघतात. मी त्यांना खोलीबाहेरची वाट बघायला सांगते. दारातून निघाल्यावर न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना आणि पिण्याचे पाणी इथपर्यंत जाताना कोण भेटेल, असे किती जण भेटतील आणि नको असेल तेव्हा त्यांना टाळता येईल का, यावर तुमचे पहिले वर्ष कसे जाईल ते बऱ्याच अंशी ठरते.

याला जुना आणि भक्कम आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ले शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथल्या मैत्रीचा अभ्यास करून तो १९५० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तिथे शेजारी निवडून घर घेण्याची सोय नव्हती. वाट्याला येईल ते घर घ्यायचे. तरीही दुमजली इमारतींतल्या रहिवाशांना तुमचे सर्वांत जास्त येणे-जाणे कोणाकडे आहे असे विचारले, तेव्हा लागून असलेल्या दारांमध्ये ही निवड ४१ टक्के वेळा झालेली आढळली, एक दार सोडून पलीकडच्यांमध्ये २२ टक्के आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांमध्ये जेमतेम १० टक्के. त्याहून बोलके निरीक्षण जिन्यांचे आहे. खालच्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी इतरांपेक्षा जास्त ओळख होती, कारण वरचे लोक रोज त्यांच्या दारावरूनच जात. अंतर मोजायचे ते फुटांत नाही, दिवसातून किती वेळा एकमेकांसमोर येतो यात मोजायचे, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले; आणि पाऊण तास दूरचा फ्लॅट या मोजपट्टीवर कुठे बसतो, हे वेगळे सांगायला नको.

मात्र, मग जास्तीत जास्त माणसांत जाऊन राहिले म्हणजे झाले, असा अर्थ कोणी काढू नये. १९७०च्या दशकात अँड्र्यू बाम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या संशोधकांनी दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एका प्रकारात लांबलचक मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोघादोघांच्या खोल्या होत्या आणि तीसेक विद्यार्थ्यांत मिळून एक न्हाणीघर आणि एक बैठकीची खोली. दुसऱ्यात चार ते सहा जणांचे छोटे गाळे होते आणि प्रत्येक गाळ्याला स्वतःची बैठक. दरडोई जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. तरीही लांब मार्गिकेवरच्या विद्यार्थ्यांना आपण गर्दीत राहतो असे वाटे. नको त्या वेळी नको ती माणसे भेटतात आणि आपला त्यावर काही इलाज चालत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. परिणामी ते मिसळण्याऐवजी आक्रसत गेले. इमारतीबाहेर, प्रयोगासाठी एका खोलीत थांबायला सांगितले असता, तिथे बसलेल्या अनोळखी व्यक्तीपासूनही ते अधिक दूर बसले आणि त्यांनी तिच्याकडे कमी वेळा पाहिले. पुढे १९८० मध्ये बाम आणि ग्लेन डेव्हिस यांनी एक साधा उपाय करून पाहिला. अशाच एका मजल्यावर मधोमध काही खोल्यांची बैठकीची जागा केली आणि दारे बसवून मार्गिकेचे दोन तुकडे केले. माणसे तीच, खोल्याही जवळपास तेवढ्याच. पण गट निम्मे झाले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना गर्दीचा जाच कमी झाला, शेजाऱ्यांशी ओळखी वाढल्या.

म्हणून वसतिगृहाची माहिती घेताना इमारतीत एकूण किती विद्यार्थी आहेत हा आकडा फारसा कामाचा नाही. एका स्वयंपाकघरात किती जण आणि एका न्हाणीघरात किती जण, हे विचारा. माझ्या अनुभवात चार ते दहा-बारा जणांत सामायिक असलेले स्वयंपाकघर सर्वांत चांगले चालते. तिघांत ते चालले तर फार छान चालते, पण दोघांचे पटले आणि तिसरा बाजूला पडला, तर त्याला त्या घरात दुसरे कोणीच उरत नाही. वीस-पंचवीस जणांत एक स्वयंपाकघर असले, तर ते कोणाचेच नसते आणि तिथल्या न घासलेल्या भांड्यांचा मालकही कधी सापडत नाही.

मोठ्या विद्यापीठाचे लहान तुकडे करण्याची कल्पना नवी नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत लांब मार्गिकाच नाहीत. अंगणाभोवती वेगवेगळे जिने आणि प्रत्येक जिन्यावर मोजक्या खोल्या अशी रचना आहे, त्यामुळे आपल्या जिन्यावरची माणसे आपोआप ओळखीची होतात. हार्वर्ड आणि येलने १९३०च्या दशकात एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून याच धर्तीवर आपल्या विद्यार्थ्यांची छोट्या निवासी गटांत विभागणी केली. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे सान्ता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी गुंतवणूकदार चार्ल्स मंगर यांनी सुचवलेली इमारत. सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांची ही अकरा मजली इमारत होती आणि त्यातल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती. खोलीत मन रमले नाही म्हणजे विद्यार्थी बाहेर सामायिक जागेत येऊन बसतील, असा हिशेब होता. २०२१ मध्ये त्यावर मोठा वाद झाला, एका सल्लागार वास्तुरचनाकाराने निषेध म्हणून राजीनामा दिला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा सोडून दिला. माणूस बाहेर येऊन बसावा म्हणून त्याची मागे फिरायची जागा वाईट करून ठेवणे मला मुळातच उफराटे वाटते. खोलीत परत जाऊन दार लावता येते या भरवशावरच अबोल मुले बाहेर बसायला धजावतात.

सामायिक जागेचेही एक शास्त्र आहे आणि माहितीपत्रकातल्या छायाचित्रांतून ते कळत नाही. आमच्या एका इमारतीत मजल्याच्या अगदी टोकाला प्रशस्त बैठकीची खोली होती: सोफे, मोठा टीव्ही, पुस्तकांचे कपाट. ती बहुतेक वेळ रिकामी असे, कारण तिथे जायचे तर मुद्दाम जावे लागे, आणि दारातून आत डोकावून ओळखीचे कोणी नाही असे दिसले की परत फिरणेही अवघड वाटे. त्याच मजल्यावर जिन्याजवळच्या कोनाड्यात आम्ही मायक्रोवेव्ह, पाणी गरम करायची किटली आणि कोपर टेकता येईल असे एक उंच टेबल ठेवले. बसायला खुर्ची नव्हती. तिथे मात्र रात्री दहाच्या सुमारास हमखास कोणी ना कोणी उभे असे. हातातला डबा गरम होईपर्यंत दोघे जण दोन-तीन मिनिटे शेजारी उभे राहत, उद्याच्या प्रॅक्टिकलबद्दल काहीतरी बोलत आणि किटलीचे बटण खट्कन वर आले की ज्याला निघायचे त्याला सबबही आयती मिळे. जिथे थांबायला निमित्त लागते आणि निघायला स्पष्टीकरण लागत नाही, अशी जागा आपल्या मजल्यावर आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघता आले तर जरूर बघा. आणि दुपारी नव्हे, रात्री बघा.

आता झोपेचा प्रश्न. सावध झोपेच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगली रचना म्हणजे खोली एकट्याची आणि स्वयंपाकघर सामायिक. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत हा पर्याय थोड्या संख्येने का होईना असतो आणि पसंतीक्रमात तो वर टाकायला हरकत नाही. न्हाणीघरासकट सारे काही आतच असलेली स्वयंपूर्ण खोली मात्र पहिल्या वर्षी टाळावी. ती महाग असते हे एक झाले. पण त्याहून मोठी अडचण अशी की, आठवडाभर कोणाचे तोंड न बघताही तिथे सुखाने राहता येते, आणि असे राहणारे विद्यार्थी आमच्या नजरेस पडतात ते फार उशिरा. दोघांचीच खोली मिळाली, तर जिना, लिफ्ट आणि न्हाणीघर यांना भिंत लागून असलेली खोली नको, पण दोन-तीन दारे पलीकडची हवी, अशी विनंती अर्जासोबतच करावी. वैद्यकीय कारण असेल, तर प्रमाणपत्र अर्जाबरोबर जोडावे. वाटप झाल्यावर आलेल्या प्रमाणपत्राला न्याय देण्याइतक्या खोल्या कोणत्याच विभागाकडे शिल्लक नसतात.

रूममेटविषयी विद्यार्थ्यांच्या मनात दोन टोकांच्या कल्पना असतात: एक तर तो जिवलग मित्र होईल, नाहीतर वर्ष नरकात जाईल. बहुतेक वेळा यातले काहीच होत नाही. दोन बऱ्यापैकी सभ्य माणसे एका खोलीत वर्षभर निभावून नेतात, आणि तेवढे पुरेसे असते. वाटपाच्या अर्जातली प्रश्नावली मात्र खरी भरावी. झोपायची वेळ, पसारा, पाहुण्यांची ये-जा आणि आवाज या चार गोष्टींवर खोलीतली शांतता टिकते किंवा मोडते. आवडते संगीत आणि छंद जुळले नाहीत म्हणून खोली बदलून मागणारे फार थोडे असतात. अडचण अशी की, हा अर्ज पुष्कळदा पालक भरतात किंवा पालक खांद्यावरून वाचत असताना भरला जातो, आणि मग रात्री तीनपर्यंत जागणारा विद्यार्थी कागदोपत्री दहाला झोपतो. त्याला आम्ही खरोखरच दहाला झोपणाऱ्याबरोबर ठेवतो, आणि दोघांचीही झोप उडते.

आदर्श जोड्या लावता येत नाहीत, याला गणितातही पुरावा आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की, रूममेटच्या जोड्या लावताना कधीकधी कोणतीच मांडणी स्थिर राहत नाही. अ, ब आणि क यांची पहिली पसंती गोल फिरते, म्हणजे अ ला ब हवा, ब ला क हवा, क ला अ हवा, आणि ड सर्वांच्या यादीत शेवटी. ड बरोबर कोणालाही ठेवले, तरी त्या व्यक्तीला पहिली पसंती देणारा कोणी तरी आपली जोडी मोडून तिच्याकडे यायला तयार असतो आणि तीही जायला तयार असते. स्थिर जोड्या शक्य आहेत की नाहीत, हे झटपट तपासण्याची रीत रॉबर्ट आयर्विंग यांनी १९८५ मध्ये शोधली, पण ज्या याद्यांना उत्तरच नाही त्यांना ते कोणीही देऊ शकत नाही. तेव्हा वाटप करणाऱ्या माणसावर फार रागावू नये, एवढी माझी आपल्या पेशाच्या वतीने विनंती.

शाळेतल्या जिवलग मित्राबरोबर एका खोलीत राहावे का, असे विचारले तर मी सहसा नको म्हणते. एकाच विद्यापीठात, पण वेगळ्या मजल्यावर राहा. तुम्हाला दोन मजले ओळखीचे होतील आणि भांड्यांवरून मैत्रीची परीक्षा होणार नाही. रूममेटचा अभ्यासावर परिणाम होतो का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. डार्टमथ कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जात. त्याचा आधार घेऊन ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रूममेटचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थी-मंडळात सामील होण्यावर दिसला, मुख्य विषयाच्या निवडीवर दिसला नाही. परिणाम आहे, पण शेजारी हुशार मिळाला नाही म्हणून हवालदिल व्हावे इतका नाही.

पहिल्या आठवड्यातच, भांडण होण्याआधी, दोघांनी बसून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि कागदावर लिहून काढाव्यात. हे फार औपचारिक वाटते म्हणून लोक टाळतात. पण सर्वांत सभ्य वेळ तीच असते. मोठा दिवा किती वाजता बंद करायचा, अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, फोनवर बोलायला खोलीबाहेर कधी जायचे, पाहुणा रात्री राहणार असेल तर किती आधी विचारायचे, कोणती वस्तू न विचारता वापरली तर चालेल आणि कोणती मुळीच नाही, आणि परीक्षेच्या काळात यातले काय बदलेल. पुढे खटका उडालाच, तर घडलेल्या एका प्रसंगाबद्दल बोला. "काल रात्री दोन वाजता मोठा दिवा लागला आणि मग मला झोप आली नाही" याला उत्तर देता येते. "तू नेहमीच असे करतोस" याला उत्तर नसते, फक्त प्रत्यारोप असतो. दोनदा बोलून फरक पडला नाही तर मजल्यावरच्या जबाबदार विद्यार्थ्याकडे आणि त्यानंतर वॉर्डनकडे जावे. चोरी, धमकी, अंगावर येणे, नशेचे प्रकार किंवा छळ असेल तर मात्र ही पायरी-पायरीची वाट धरू नये. त्याच दिवशी थेट वॉर्डनकडे जावे. रॅगिंगचेही तसेच. गमतीच्या नावाखाली चालते म्हणून ते गमतीचे ठरत नाही.

एकंदर ओळखीपाळखीचे म्हणाल, तर पहिले पाच-सहा आठवडे मोलाचे असतात, कारण त्या काळात सगळेच नवखे असतात आणि जेवताना अनोळखी टेबलावर जाऊन बसणे कोणाला खटकत नाही. खोलीत असाल तेव्हा पहिले काही दिवस दार अर्धे उघडे ठेवा. एवढ्याने येता-जाता नजरानजर होते आणि अबोल माणसाचे अर्धे काम न बोलता होते. विद्यार्थी-मंडळांच्या नावनोंदणीच्या दिवशी उत्साहाने दहा यादींत नाव घालणारे महिन्याभरात एकाही बैठकीला जात नाहीत. दोनच मंडळे निवडा, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटणारी निवडा, आणि तिथे एखादे काम अंगावर घ्या. नाटकमंडळात अभिनय करता येत नसेल तर प्रकाशयोजनेची वायरिंग सांभाळा, गिर्यारोहण मंडळात दोर आणि सामानाची नोंद ठेवा. काम असले की बोलायला विषय लागत नाही. खुर्च्या कुठे मांडायच्या इथून संभाषण सुरू होते, आणि एखाद्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत तर कोणाच्या तरी ते लक्षात येते.

मैत्रीला वेळ लागतो, हे सर्वांना माहीत असते. किती, याचा अंदाज नसतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा या विषयावरचा अभ्यास बराच गाजला. त्यांच्या पाहणीत नव्याने दाखल झालेले विद्यार्थीही होते. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे, आणि हे तास शक्यतो कामाबाहेरचे हवेत. आठवड्याला दोन तासांची मंडळाची बैठक धरली तर ५० तासांना जवळजवळ सहा महिने लागतात. स्वयंपाकघरात रोज अर्धा तास धरला, तर तेच अंतर सव्वातीन महिन्यांत कापले जाते. वसतिगृहाच्या बाजूने मी एवढे आग्रहाने का बोलते ते या साध्या गुणाकारात आहे. आणि दुसऱ्याच महिन्यात "माझे इथे कोणीच नाही" असे वाटले, तर तो तुमचा दोष नसून अजून तासच भरलेले नाहीत, असाही त्याचा अर्थ होतो.

या वाटण्यातही पुष्कळदा फसगत असते. ॲशली विलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा इतरांना जास्त जवळचे मित्र आहेत असे वाटत असते. कारण उघड आहे: दुसरे लोक आपल्याला दिसतात ते चारचौघांत असताना, ते एकटे खोलीत बसलेले असतात तेव्हा आपल्याला दिसतच नाहीत. फोनवरची छायाचित्रे यात भरच घालतात.

घरूनच ये-जा करणाऱ्यांसाठी दोनच सूचना. तासिकांच्या मधल्या वेळेत घरी जाऊ नका, आणि आवारात एक ठरलेली जागा धरा, मग ते वाचनालयातले विशिष्ट टेबल असो की विभागाबाहेरचा कट्टा. तिथे रोज त्याच वेळी दिसू लागलात, की वसतिगृहातल्या जिन्याचे काम ती जागा बऱ्याच अंशी करते.

दुसऱ्या वर्षाच्या घराची घाई हा मात्र मोठ्या विद्यापीठांतला खराखुरा त्रास आहे. पहिल्या सहामाहीच्या मध्यावरच कोणीतरी "घरे संपत चालली आहेत" अशी आवई उठवतो, आणि ज्यांना एकमेकांची आडनावेही धड माहीत नाहीत अशी सहा मुले वर्षभराच्या करारावर सह्या करून मोकळी होतात. घाईमागे थोडेफार तथ्य असते. आवाराला लागून असलेली मोठी घरे खरोखर लवकर जातात. पण दोघा-तिघांची घरे उशिरापर्यंत मिळत राहतात, आणि गट जितका मोठा तितका तो मोडण्याचा संभव जास्त. तीन किंवा चार जणांचा गट मला सर्वांत सुरक्षित वाटतो. नुकतेच प्रेमात पडलेले जोडपे गटात असेल, तर त्यांचे बिनसल्यावर करार कोण पुढे चालवणार, हा अवघड प्रश्न सहीच्या आधी विचारलेला बरा.

करारातली एक गोष्ट विद्यार्थी वाचतच नाहीत. अनेक देशांत एकत्र घेतलेल्या घराचा करार संयुक्त जबाबदारीचा असतो: म्हणजे चौघांपैकी एक जण मध्येच निघून गेला, तर त्याच्या वाट्याचे भाडे घरमालक उरलेल्या तिघांकडून, किंवा त्यांतल्या कोणाही एकाकडून, वसूल करू शकतो. हमीदार म्हणून सही करणाऱ्या पालकांची जबाबदारी फक्त आपल्या मुलाच्या भाड्यापुरती आहे की संपूर्ण घराच्या भाड्याची, हे करारात शब्दशः पाहावे. प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार असेल तर हा धोका उरत नाही, पण रिकाम्या खोलीत कोणाला आणायचे हेही मग घरमालकच ठरवतो. याशिवाय करार बारा महिन्यांचा आहे की शैक्षणिक वर्षापुरता, मध्येच सोडल्यास बदली भाडेकरू आणता येतो का आणि अनामत परत मिळण्याच्या अटी काय, ते बघावे. किल्ली हातात आल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, गादीचे आणि नळाचे फोटो काढून ते घरमालकाला ईमेलने पाठवून ठेवावेत. घर प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकरवी पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. "मी सध्या परगावी आहे, अनामत पाठवा म्हणजे किल्ली कुरियरने देतो" असे म्हणणाऱ्याकडे किल्लीही नसते आणि घरही नसते. कागद हाती आल्यावर विद्यापीठाच्या निवास विभागात किंवा विद्यार्थी-संघटनेत करार तपासून मिळतो का, याची सहीआधी चौकशी करावी. पुष्कळ ठिकाणी ही सोय फुकट असते आणि ती वापरणारे फारच थोडे.

घरची आठवण येणे, पहिल्या काही आठवड्यांत रडू येणे, हे नेहमीचे आहे. काळजी वाटते ती जेवण चुकवू लागलेल्या, दिवसा झोपून रात्री जागणाऱ्या, तासिका सोडू लागलेल्या आणि दर शुक्रवारी घरी पळणाऱ्या विद्यार्थ्याची. महिना-दीड महिना हेच चालू राहिले तर समुपदेशकाची वेळ घ्यावी, आणि वॉर्डनच्याही कानावर घालावे, कारण खोली बदलून देणे त्यांच्या हातात असते.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. वसतिगृहाची जागा हातची गेली असेल आणि नाइलाजाने तो दूरचा फ्लॅट घ्यावा लागत असेल, तर वर्षभराच्या करारावर लगेच सही करू नका. शक्य असल्यास एक-दोन महिन्यांची सोय बघा आणि प्रतीक्षायादीत नाव ठेवा. दरवर्षी काही विद्यार्थी येतच नाहीत, काहींना दुसरीकडे प्रवेश मिळतो, काही पहिल्या पंधरवड्यात परत जातात. या रिकाम्या खोल्यांची मोजदाद सत्र सुरू झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण होते, आणि तोवर यादीतल्या निम्म्याअधिक लोकांनी दुसरी सोय करून घेतलेली असते. त्या सुमारास आठवड्यातून एकदा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी, आणि कोणत्या प्रकारची खोली चालेल ते लेखी देऊन ठेवावे, म्हणजे जागा मोकळी झाल्यावर फोन करून विचारण्यात दिवस जात नाही.